पत्र्यावरचं डांगर

महिपती एकतीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत क्वालिटी खात्यात होता, आणि या एकतीस वर्षांत त्याने एकही डबा पहिल्या फेरीत पास केला नव्हता. रिटायर होताना कंपनीने त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ त्याने घरी आणून तपासलं. दिवसाला चार मिनिटं मागे पडत होतं. त्याला फार बरं वाटलं.

पण त्यानंतर तपासायला काही उरलं नाही. पहिले दोन महिने त्याने संजीवनीच्या चपात्या तपासल्या. तिसऱ्या महिन्यात संजीवनीने त्याच्या हातात खुरपं दिलं आणि मागचं दार उघडलं.

"तिकडे काय ते रिजेक्ट करा," ती म्हणाली.

तिकडे म्हणजे मोरिवलीतल्या त्यांच्या बैठ्या घराच्या पाठीमागे. तीन खाटा मावतील आणि चौथीवरून भांडण होईल, एवढी जागा. तिथे महिपतीने भेंडीची बारा रोपं लावली आणि त्यांना नंबर दिले. मिरच्या लावल्या, कुंपणावर वाल चढवला. मोरीच्या पाण्यावर अळू आपलं आपण वाढत होतं. त्याला कुणी नंबर दिला नव्हता, खत दिलं नव्हतं, साधं चांगलं-वाईट म्हटलं नव्हतं; आणि ते सगळ्यांत चांगलं आलं होतं.

या सगळ्याच्या वर, मोरीच्या पत्र्यावर, डांगर होतं.

डांगर म्हणजे लाल भोपळा. महिपतीचं गावचं घर, म्हणजे त्याच्या आईचं घर, बारवी धरणाच्या बाजूच्या गावात. तिथे भोपळ्याला कुणी भोपळा म्हणत नाही. आई दर पावसाळ्यात घराच्या कुडावर डांगराचा वेल चढवायची आणि पिकलेल्या फळातलं बी राखेत घोळून ठेवायची. शेवटची दोन वर्षं ती मोरिवलीला महिपतीकडे होती. मागल्या साली माघात जाण्याआधी तिने औषधाची एक रिकामी डबी त्याच्या हातात दिली. आत राख होती, आणि राखेत पाच बिया.

"ह्ये संपू देऊ नको," ती म्हणाली होती.

यंदाच्या जूनमध्ये महिपतीने पाचही बिया लावल्या. दोन उगवल्याच नाहीत. एक रोप गोगलगायीने खाल्लं, एक शेजारच्या कोंबडीने उकरलं. उरलं एक. ते पत्र्यावर चढलं, पसरलं, आणि पिवळ्या फुलांनी भरून गेलं. फुलं भरमसाट, फळ मात्र एकही नाही. महिपतीने मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं, की ही सगळी नरफुलं आहेत, मादी फुलं मोजकीच येतात, आणि मधमाश्या मनावर घेत नसतील तर हे काम घरच्यांनी करायचं असतं. मग तो पहाटे साडेपाचला स्टुलावर चढून एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावू लागला.

"स्वतःच्या लग्नाला नवरा मुलगा आठ वाजेपर्यंत झोपला होता," संजीवनी चहा गाळता गाळता म्हणायची.

चार फळं धरली. तीन सुपारीएवढी होऊन गळली. चौथं टिकलं. गौरी-गणपती गेले, पाऊस ओसरला, ऊन भाजायला लागलं, तोवर ते पाण्याच्या लहान कळशीएवढं झालं. हिरवं, पांढरट नक्षीचं, पत्र्यावर मांडी घालून बसल्यासारखं.

इथे महिपतीकडून चूक झाली. एकतीस वर्षं कशाचं कौतुक न केलेल्या माणसाने एका डांगराचा फोटो काढला, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'आईचं डांगर तयार.'

दुसऱ्या दिवशी गावाहून थोरल्या बहिणीचा, गोदूबायचा फोन आला.

"महिपती, सष्टीला आयची तिथी. पयलंच पान हाय पितरांतलं. आयच्या पानावर आयचंच डांगर पायजे. मी येतेच."

महिपतीने मागच्या दारातून पत्र्याकडे पाहिलं. "बाय, अजून कोवळं आहे गं ते."

"फोटोत तर चांगलं फुगलंय."

"फोटो जवळून काढलाय."

"मंग लांबून काढायला पत्रा आडवा आला व्हता काय? बाजारातलं आणशील तर बग." आणि तिने फोन ठेवला.

अडचण साधी होती. षष्ठीला नऊ दिवस होते. डांगराचं बी पक्कं व्हायचं तर देठ वाळायला हवा, आणि देठ अजून काकडीसारखा हिरवागार होता. आज कापलं तर भाजी होईल, पण आतलं बी पोचट निघेल. पुढच्या जूनमध्ये लावायला काही उरणार नाही. आणि दुसरं फळ नाही, दुसरा वेल नाही, दुसरी डबी नाही. आईने 'संपू देऊ नको' म्हणून दिलेलं बियाणं आईच्याच पानावर संपणार होतं.

हे त्याने संजीवनीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"वन्संना सांगा मग."

"तू सांग."

"फोटो मी टाकला होता का?"

मग महिपतीला एक गोष्ट आठवली आणि तो खुर्चीत सरळ झाला. त्यांच्या घराण्यात अख्ख्या डांगराला बाईमाणसाने पहिली सुरी लावायची नाही. का, ते कुणी विचारलं नव्हतं. घरातल्या पुरुषाने एक घाव घालायचा, मग पुढचं चिरणं, शिजवणं, वाढणं आणि भांडी घासणं बायकांनी करायचं. घराण्यातल्या पुरुषांना या रिवाजाचा फार अभिमान होता.

"मी सुरी लावणार नाही," महिपती म्हणाला. "बघू कोण कापतंय."

"राजू कापेल की," संजीवनी म्हणाली.

राजू हा भिंतीपलीकडचा शेजारी. एमआयडीसीच्या शिफ्टची माणसं रिक्षाने ने-आण करायचा आणि कुठल्याही कामाला नाही म्हणायचा नाही. संजीवनीने भिंतीवरून हाक मारल्याबरोबर तो हजर झाला.

"बिनधास्त, काकू! काका, टेन्शन नाही घ्यायचं. एक घाव, गेम ओव्हर."

महिपतीने त्याला बाजूला, भेंडी नंबर सातपाशी नेलं. "राजू, तुझ्या गाडीची क्लच वायर गेली होती ना परवा?"

"हो ना काका. नवीन होती यार."

"त्याच्या आधी कुणाच्या घरचं डांगर कापलं होतंस?"

राजूने विचार केला. "डांगर नाही. साडूकडे कलिंगड कापलं होतं."

"तेच ते, एकाच जातीचं फळ," महिपती गंभीरपणे म्हणाला. "परक्या घरच्या फळाला पहिली सुरी लावली, की ते वाहनावर येतं. कलिंगडाला क्लच. डांगराला इंजिन."

एकतीस वर्षं न हसता माल परत पाठवल्याचा हा फायदा होता. राजू दोन पावलं मागे सरकला, आणि त्यानंतर त्याने पत्र्याकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

पण बहीण यायची थांबणार नव्हती. पंचमीच्या सकाळी महिपतीने कपाटातून कंपनीचा जुना निळा गणवेशाचा शर्ट काढला आणि पत्र्यावरचं डांगर त्याने नीट झाकलं. मग तो राजूच्या रिक्षात बसून उल्हासनगरच्या भाजीबाजारात गेला.

डांगरांचा ढीग लावून एक म्हातारा सिंधी बसला होता. शेजारी कापलेल्या केशरी फोडी, हातात लांब सुरी.

"बोलो साईं, कितना काटूँ? पाव किलो, अर्धा?"

"अख्खं हवं."

"पूरा?" म्हाताऱ्याने राजूकडे पाहिलं. "दो ही जन तो हो. आजकल पूरा कौन लेता है? लाओ, बीच से काटके दिखाता हूँ, अंदर का माल देखो."

"सुरी लावू नका!" महिपती एवढ्या जोरात ओरडला, की शेजारच्या कोथिंबीरवालीने आपली जुडी छातीशी धरली.

"अरे, मत लो, पर चिल्लाओ मत," म्हातारा म्हणाला. "बिना काटे मालूम कैसे पडेगा अंदर क्या है?"

प्रश्न बरोबर होता. महिपतीने हाच प्रश्न एकतीस वर्षं लोकांना विचारला होता. त्याने तीन डांगरं बोटाने वाजवून पाहिली, पत्र्यावरच्याएवढं एक निवडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आत काय आहे हे न बघता माल घेतला.

"काका," परतताना राजू म्हणाला, "घरी एक आहे ना?"

"ते लहान आहे."

"हे पण तेवढंच आहे."

"तू रस्त्याकडे बघ."

संजीवनी गिरणीतून दळण घेऊन आली, तेव्हा डांगर स्वयंपाकघरात ओट्यावर होतं. महिपती पेपर वाचत होता. "काढलं," तो पेपरामागून म्हणाला. "बाय म्हणाली, मग काय करणार."

संजीवनीने दळण ठेवलं. डांगर उचललं, फिरवलं, देठापाशी नजर थांबवली. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली.

तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात महिपतीला सगळे 'बरं' ओळखता येत. हा नवीन होता. त्याने तो न तपासता सोडून दिला.

षष्ठीला सकाळी गोदूबाय आली. सत्तरीची, काटक, खांद्याला कापडी पिशवी. पायावर पाणी घेतलं आणि सरळ ओट्याशी गेली.

"अगो बाय, पिकलंय की! एवढ्या लवकर?"

"पत्रा तापतो ना इथला," महिपती म्हणाला.

"आयचा गुण," ती म्हणाली, आणि तिचा हात डांगरावरून असा फिरला, की महिपतीला तिथे उभं राहवेना. त्याने कोयता घेतला, डोळे अर्धे मिटले आणि पहिला घाव घातला. आत गर्द केशरी गर, आणि टपोरं बी.

"बघ, एकबी पोचट नाय," गोदूबाय म्हणाली.

बायका स्वयंपाकाला लागल्या. डांगराची भाजी झाली, डांगराच्या घाऱ्या झाल्या, भेंडी, अळू, वडे, खीर. पान मांडलं, आणि महिपतीने ते बाहेर भिंतीवर ठेवून हात जोडले. त्याची अपेक्षा होती, की आज कावळा येणार नाही. संध्याकाळपर्यंत येणार नाही. गोदूबाय विचारेल, आईचं काय राहून गेलं, आणि आपल्याला बोलावं लागेल. पण त्याचे हात अजून जोडलेलेच होते तेवढ्यात कावळा आला, घारी उचलली आणि उडाला. पुरं एक मिनिटही लागलं नाही.

'काही तपासणी म्हणून नाही,' महिपतीच्या मनात आलं.

"आय खूश हाय," गोदूबायने डोळ्यांना पदर लावला.

जेवताना तिने पहिला घास भाजीचाच घेतला. "हीच चव. संजे, आयच्या डांगराची चव लपत नाय गं." संजीवनीने तिला आणखी वाढलं. महिपती त्या जेवणात सात वेळा पाणी प्यायला.

जेवणं झाली. महिपती जरा आडवा झाला, पण डोळा लागेना. उठून मागच्या दारात आला तर गोदूबाय पायरीवर बसली होती. पुढ्यात ताट, ताटात डांगराचं बी. पिशवीतून तिने एक पुरचुंडी काढली. पुरचुंडीत राख. ती एकेक बी राखेत घोळत होती. दोन बोटांत धरून, आई घोळायची तसंच.

"राख कुठून आणलीस गं?"

"घरून. तुमच्याकडं ग्यास." तिने मान वर केली नाही. "महिपती, तुला एक सांगते. कुणापाशी बोलू नको. माझ्याकडचं आयचं बी दोन सालांमागं माळ्यावर उंदरांनी खाल्लं. समदं. आय शेवटाला तुझ्याकडं व्हती तवा मला इचारलंन, गोदू, तुझ्याकडं बी हाय ना गं? मी म्हनलं, हाय." एक बी तिच्या बोटांतून निसटून ताटात पडलं. तिने ते पुन्हा उचललं. "म्हनून हट धरला. पानाचं निमित्त. म्हनलं, कापशील तर माझ्या वाट्याला चार बिया येतील. आता कुडावर लावीन, मंग खोटं बोलल्यावानी ऱ्हायचं नाय."

घोळलेलं बी तिने पदराच्या टोकाला बांधायला घेतलं.

महिपती पायरीवर बसला. गप्प राहिलं असतं तर सगळं निभलं असतं. तिने ते कुडावर लावलं असतं, दरसाल आईचं म्हणून खाल्लं असतं, शेजारीपाजारी वाटलं असतं. आणि पत्र्यावर खरं आईचं. दोन गावांत दोन डांगरं, आणि दोघंही आईचं म्हणणार. कंपनीत असा एक डबा जरी चुकीच्या लेबलाने गेला असता, तरी त्याला आठवडाभर झोप लागली नसती.

"बाय, ते नको नेऊस."

"का रं? तुला कमी पडतंय?"

"ते आईचं नाही."

"मंग कुनाचं?"

"उल्हासनगरचं."

गोदूबायचे हात गाठीवर थांबले. "काय म्हनतोस?"

"बाजारातून आणलं काल. राजूला विचार."

"आन आयचं?"

महिपती उठला, स्टुलावर चढला आणि पत्र्यावरचा निळा शर्ट उचलला. हिरवं डांगर उन्हात आलं. एमआयडीसीत दुपारचा भोंगा झाला.

"कोवळं आहे," महिपती स्टुलावरूनच म्हणाला. "आज कापलं असतं तर बी गेलं असतं. हे एकच आहे, बाय. पाचातलं एक. तुला सांगायची हिंमत झाली नाही. फोटो टाकून बसलो होतो."

"आयच्या पानावर बाजारचा माल," गोदूबाय म्हणाली. आवाज चढला नव्हता. तेच वाईट होतं. "आन ही सून? हिला ठावं नव्हतं?"

संजीवनी दारात हात पुसत उभी होती. "ठाऊक होतं की, वन्सं. कालच कळलं. ताजं काढलेल्या डांगराच्या देठाला चीक असतो. याचा देठ लाकूड झाला होता."

"आन तरी शिजवलंस?"

"यांनी सुरी लावली. पुरुषाने सुरी लावल्यावर बाईने शिजवायचं, असंच आहे ना आपल्यात?"

गोदूबायने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डांगराकडे. मग स्वतःच्या पदराकडे.

"चव तर तीच व्हती," ती पुटपुटली.

महिपतीला बोलावंसं वाटलं, पण संजीवनीने त्याच्याकडे पाहिलं.

"मिठामसाल्याची व्हती चव," गोदूबायने स्वतःच निकाल दिला. "संजीच्या हाताची." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "सर खाली. उतर."

महिपती उतरला. सत्तरीची गोदूबाय स्टुलावर चढली. तिने डांगराला हात लावला नाही, फक्त देठ पाहिला. पान उचलून खाली पाहिलं. बोटाने पत्रा चाचपला आणि हात झटकन मागे घेतला.

"आय जिती असती आन कुनी एवढं कोवळं तोडायला गेला असता ना," ती म्हणाली, "तर तोच कोयता तिनं त्याच्या टाळक्यात घातला असता. आन मी तिच्याच नावानं तोडायला सांगत व्हती." थोडी थांबून तिने मान वळवली. "पन सांगायचं व्हतंस रं. मी काय डांगर खायला उपाशी व्हती?"

"चुकलं, बाय."

"चुकलंच. आन ह्याला सदरा कशाला घातलास? थंडी वाजते?"

"झाकायला. तुझ्यापासून."

"काढ. ऊन लागू दे. आन खाली पेंढा घाल, पत्रा भाजतोय बुडाला. बूड नासलं तर बी कुटलं ऱ्हातंय?"

महिपतीला हे माहीत नव्हतं. तीन आठवडे तो रोज सकाळी वरून डांगर तपासत होता. खालून पाहायचं त्याला सुचलं नव्हतं. तो राजूकडे पेंढा मागायला भिंतीपाशी गेला. राजूकडे पेंढा नव्हता, पण सीटमधला जुना काथ्या होता. तो त्याने भिंतीवरून लांब हाताने, पत्र्याकडे न बघता दिला.

काथ्या घालून झाला. गोदूबायने पदराची गाठ सोडली नव्हती. महिपतीला वाटलं, ती आता ते बी फेकून देईल.

"ह्येबी लावीन," ती म्हणाली. "बांधाच्या पल्याड. बाजारचं झालं म्हनून त्याला जीव नाय?"

"पण बाय, मधमाश्या इकडचं तिकडे करतात. दोन्हीची भेसळ होईल. मी वाचलंय."

"आन आयच्या वक्ताला काय, साऱ्या गावाच्या डांगरांत तिनं कुंपन घातलं व्हतं?" गोदूबाय म्हणाली. "तू वाच."

महिपतीने वाल नीट करायला घेतला.

उन्हं भिंतीवरून खाली यायला लागली तसा संजीवनीने चहा आणला. गोदूबायने बशीत ओतून प्यायला घेतला, नजर पत्र्यावरच. "देठ वाळायला कोजागिरी उजाडंल. तवर कुनी हात लावायचा नाय. त्यातलं अर्धं बी माझं."

"अर्धं तुझं," महिपती म्हणाला.

"मोजून."

"मोजून."

तिने बशी खाली ठेवली आणि भावाकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, एखादा डबा पाहावा तसं. "तुझा भरवसा नाय. मी ऱ्हाते."

"कोजागिरीपर्यंत?"

"मंग काय, चहापुरती?"

महिपतीने मनातल्या मनात हिशेब केला. जवळजवळ साडेतीन आठवडे. त्याने संजीवनीकडे पाहिलं. संजीवनीने कप-बशा उचलल्या, आत गेली, आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून जास्तीची चादर काढली.